बाजूच्या सीटवरचा हक्क

सकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान मंगरुळपीर, रिसोड, मालेगाव किंवा कारंजाहून वाशीमला येणाऱ्या एखाद्या एस.टी.त चढा आणि पुढच्या पाच-सहा सीटांकडे नजर टाका. एखाद्या मॅडम ओले केस मोकळे सोडून वाऱ्यावर सुकवत असतात. बारावीतली मुलगी मोबाईलचा कॅमेरा आरशासारखा धरून स्कार्फ नीट करत असते, आणि दोन टाचण्या तिच्या ओठांत असतात. मागच्या सीटवरचे भाऊ खिशातला कंगवा काढून आधी डोके, मग दाढी, मग मिशा अशी सगळ्यांची हजेरी घेतात. खिडकीजवळच्या काकांच्या तोंडात मशेरी असते, त्यामुळे दर दोन किलोमीटरला काच सरकते. आणि कुणीतरी नुकताच बॉडी स्प्रे मारलेला असतो, त्यावर निम्मी गाडी खोकत असते.

आम्ही याच गाड्यांनी रोज ये-जा करणाऱ्या बायका. कुणी शाळेत शिकवतो, कुणी दवाखान्यात आहोत, कुणी मुलीला कॉलेजला पोहोचवून पुढे बाजार करतो. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले तेव्हापासून आमची संख्या वाढली, आणि संख्येबरोबर कुरबुरीही वाढल्या. त्यातली सगळ्यात जुनी कुरबूर ही गाडीत बसून तयार होण्याबद्दलची. केस विंचरणाऱ्या पोरीला कुणी मावशी हमखास विचारतात, "काऊन वं पोरी, तुह्या घरी आरसा नाही का?" आणि आपल्यातल्या एखाद्या खाला वर आणखी पुस्ती जोडतात, "आजकल की लडकियां!" खिडकीतून पिचकारी मारणाऱ्या काकांना मात्र असे कुणी विचारत नाही. या भेदाबद्दल आम्ही आपसात बरेच बोललो. तेच इथे लिहीत आहोत.

सुरुवात कुरआनपासून करू, कारण सीटच्या शेजाऱ्याचा हक्क तिथेच सापडतो. सूरह अन्-निसाच्या ३६ व्या आयतीत आईवडील, नातेवाईक, अनाथ, गरजू यांच्याशी चांगले वागण्याचा आदेश आहे. त्याच ओघात जवळचा शेजारी आणि परका शेजारी येतो, आणि त्यांच्यामागून येतो 'साहिब बिल-जंब', म्हणजे अगदी बाजूला असलेला सोबती. काही भाष्यकारांनी याचा अर्थ पत्नी असा घेतला आहे. हजरत इब्ने अब्बास (रजि.) आणि मुजाहिद यांच्याकडून प्रवासातला सोबती असाही अर्थ आला आहे. मौलाना मौदूदींनी 'तफहीमुल कुरआन'मध्ये बाजारात, दुकानात किंवा प्रवासात थोडा वेळ बाजूला आलेल्या माणसालाही यात धरले आहे. म्हणजे मालेगावहून वाशीमपर्यंत, जेमतेम वीसेक किलोमीटर, जी बाई आपल्याला खेटून बसली आहे तिचाही आपल्यावर हक्क झाला. ती कोणत्या समाजाची, कोणत्या गावची, हे आयत विचारत नाही.

हा हक्क नेमका कशाचा, हे समजायला दोन हदीसी पुरेशा आहेत. पहिली इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मधली. प्रेषित मुहम्मद (स.) मस्जिदीत असताना एक माणूस केस-दाढी विस्कटलेल्या अवस्थेत आत आला. प्रेषितांनी (स.) त्याला हाताने बाहेर जाण्याची खूण केली, केस-दाढी नीट करून ये या अर्थाने. तो गेला, नीटनेटका होऊन परत आला. टापटीप हवी, हे तर यातून कळतेच. पण ती लोकांमध्ये येण्याआधी, बाजूला जाऊन करायची, हेही त्याच खुणेत आहे.

दुसरी जुम्याच्या गुसलची, अबू दाऊदमध्ये हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आलेली. ती वाचताना एस.टी.च डोळ्यांसमोर येते. सुरुवातीच्या काळात लोक गरीब होते, लोकरीचे कपडे घालायचे, पाठीवर ओझी वाहायचे. मस्जिद अरुंद, छप्पर ठेंगणे. उन्हाच्या दिवशी सगळ्यांना घाम आला, आणि त्या वासाने एकमेकांना त्रास होऊ लागला. तेव्हा प्रेषितांनी (स.) जुम्याला अंघोळ करून, असेल ते तेल-सुगंध लावून येण्यास सांगितले. कष्टकऱ्यांच्या घामाला तिथे कुणी नावे ठेवली नाहीत. दाटीवाटीत शेजाऱ्याला होणाऱ्या त्रासाची मात्र दखल घेतली गेली. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत शेतावरून परतणाऱ्या मजूर बाया संध्याकाळच्या गाडीत चढल्या की काहीजणी नाकाला पदर लावतात, ओढणी लावतात. ते आम्हाला मुळीच पटत नाही. दिवसभराच्या कामाचा घाम वेगळा आणि सकाळी घरी पाणी असून अंघोळीचा केलेला कंटाळा वेगळा.

या दोन्हींवरून आम्ही आपल्यापुरती एक साधी कसोटी ठरवली आहे. मी जे करते ते शेजारणीच्या अंगापर्यंत पोहोचते का? केस, पावडर, पाण्याचे शिंतोडे, वास, थुंकी, कोपर यातले काही तिच्यापर्यंत गेले तर ते गाडीत करायचे नाही. जात नसेल तर ते आपले आपण, आणि बघणाऱ्यांनीही सोडून द्यावे.

या कसोटीवर नखे काढणे आधी बाद होते. नेलकटरचा तुकडा कुठे उडेल याचा नेम नाही. आपल्या घरांत म्हाताऱ्या बाया नखे-केस कागदात गुंडाळून टाकायला लावतात, मग चालत्या गाडीत ते परक्याच्या मांडीवर का? नखे, मिशा यांसाठी हदीसमध्ये जास्तीत जास्त चाळीस दिवसांची मुदत आली आहे. इतक्या दिवसांत घरी एकही निवांत घटका मिळत नाही, असे होत नाही. मोकळे ओले केस झटकणेही बाद. दुसऱ्याच्या डब्यावर आपला लांब केस सापडला तर तो डबा त्याला गोड लागणार नाही. तेल चोपडलेले डोके सीटच्या पाठीला टेकवणाऱ्यांनी ओढणी किंवा रुमाल मध्ये घालावा, एवढे केले तरी पुष्कळ.

अत्तराचा विषय नाजूक आहे. प्रेषितांना (स.) सुगंध प्रिय होता, आणि जुम्याला कानाच्या पाळीत अत्तराचा फाया ठेवणारे आमचे वडील आम्हाला आठवतात. पण तो फाया असायचा, अख्खी शिशी नव्हे. मे महिन्यात, बंद काचांत, उलटी होईल म्हणून लिंबू हुंगत बसलेल्या बाईशेजारी उग्र अत्तर म्हणजे शिक्षाच. दम्याच्या रुग्णाला तर खरोखर धाप लागते. लसूण किंवा कांदा खाऊन लगेच मस्जिदीत येऊ नये असे हदीसमध्ये सांगितले आहे, त्याचे कारण बाजूच्याला होणारा त्रास हेच आहे. सुगंधही फार झाला की त्याच रांगेत जाऊन बसतो. बायकांनी परक्या गर्दीत दरवळत जाऊ नये ही शिकवण तर आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहेच. बॉडी स्प्रे गाडीत मारायचाच नाही, पुरुषांनीही आणि पोरींनीही.

मशेरी, खर्रा आणि खिडकी यांवर जास्त लिहीत नाही. चालत्या गाडीतून थुंकलेले मागच्या खिडकीत येते, हे मागे बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण गाड्यांच्या बाहेरचे लाल पट्टे पाहिले तर ती कुणाला कळली आहे असे वाटत नाही. मिस्वाक करणाऱ्यांनीही एवढेच बघावे, की सुन्नत आपली आणि थुंकी दुसऱ्याची असे होऊ नये. बाटलीतले पाणी खिडकीबाहेर ओतत वुजू करणारे बुजुर्गही आम्ही पाहिले आहेत. प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत, म्हणजे साधारण अर्धा ते पाऊण लिटर. एक बाटली पुरते. मग गाडीत चढण्याआधी स्टँडच्या कडेला करून घेतलेला काय वाईट?

सुरमा लावण्याबद्दल बोलायचे तर, 'शमाइल'मध्ये प्रेषितांचा (स.) सुरमा रात्री झोपण्यापूर्वीचा आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर डोळ्यात सलाई घालण्याचे धाडस करण्याची गरजच नाही.

आता ज्या गोष्टीसाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट, ओठांतल्या टाचण्या. यात शेजारणीला त्रास नाही, पण जीव आपल्या लेकीचा आहे. तुर्कस्तान आणि इजिप्तमधल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत अशा मुलींच्या नोंदी वारंवार केल्या आहेत. स्कार्फ बांधताना टाचणी ओठांत धरली, तेवढ्यात बोलणे, हसणे किंवा खोकणे झाले, आणि टाचणी श्वासनलिकेत गेली. रुग्ण बहुतेक तरुण मुली. टाचणी काढायला दुर्बीण घालून ब्रॉन्कोस्कोपी करावी लागते, कधी छातीचे ऑपरेशन. हे घरात, स्थिर उभे राहून बांधताना घडते. मग गतिरोधकावर उसळणाऱ्या गाडीत, मैत्रिणीच्या विनोदावर हसताना काय होईल?

उपाय फुकटचे आहेत. टाचणी ओठांऐवजी बाहीला टोचून ठेवावी, किंवा छोट्या डबीत. साधी टाचणी बदलून बंद होणारी सेफ्टी पिन वापरावी. बाजारात चुंबकाच्या पिना मिळतात, त्यांना टोकच नसते. लहान मुलींना शिवलेला, डोक्यातून घालायचा स्कार्फ द्यावा. आणि कधी टाचणी गिळली किंवा आत ओढली गेली असे वाटलेच, खोकला थांबून पोरगी बरी दिसत असली तरी, त्याच दिवशी दवाखाना गाठावा, एक्स-रे काढावा. घाबरून मुली हे घरी लपवतात. आयांनी आधीच सांगून ठेवावे की रागावणार नाही.

मोबाईलच्या आरशाबद्दलही एक गोष्ट. कॅमेरा स्वतःकडे असला तरी पडद्यावर मागची बाईही दिसते, आणि तिला वाटते आपला फोटो निघतो आहे. यावरून भांडणे झालेली आहेत. पाच रुपयांचा छोटा आरसा बरा.

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने २०१५ च्या सुरुवातीला डब्यांत पाट्या लावल्या, त्यांत नखे कापणे आणि नटणे डब्यात नको असेही होते. जपानमधल्या तोक्यू रेल्वेने २०१६ मध्ये गाडीत मेकअप करणाऱ्या बायकांना कुरूप ठरवणारी जाहिरात काढली, तेव्हा बऱ्याच जपानी बायका चिडल्या. गाडीतल्या रेटारेटीकडे, पाय पसरून बसणाऱ्यांकडे आधी बघा, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला त्या बायकांचे बरेचसे पटते. स्वतःच्या भुवया नीट करणारी पोरगी कुणाचे काय घेते? आपल्याकडे तर बाई चारचौघांत नटू नये हा प्रश्न हयेचाही आहे, आणि तो आम्ही हलका मानत नाही. पण तो समजावून सांगायचा असतो, भर गाडीत टोमणा मारून नव्हे. चारचौघांत कुणाला लाज आणणे ही कोणती हया?

शिवाय ती गाडीत का तयार होते, हेही कुणी विचारावे. अकोल्याला नोकरी असणारीला एका बाजूने सुमारे ऐंशी किलोमीटर, पहिली गाडी पहाटे. रेल्वेने जाणाऱ्यांचे बरे, डब्यात बेसिन आणि आरसा असतो. एस.टी.त आणि काळी-पिवळीत ते कुठून येणार? बऱ्याच थांब्यांवर बायकांसाठी आडोसाही नसतो. तालुक्याच्या प्रत्येक स्टँडवर महिला कक्षात एक आरसा, एक नळ आणि आतून लागणारी कडी असावी, अशी मागणी महिला मंडळांनी, मोहल्ल्यातल्या जमातींनी एकत्र येऊन लिहून द्यावी. मोठ्या खर्चाची गोष्ट नाही.

आणि घरातले? उन्हाळ्यात नळ चार-सहा दिवसांनी येतो तेव्हा पहाटेचे पाणी भरायला तिलाच उठवतात. मग फजर, चहा, तीन डबे, धाकट्याची आंघोळ. आरशासमोरची पंधरा मिनिटे त्यातच जातात, आणि ती कंगवा पर्समध्ये टाकून स्टँडकडे पळते. हजरत आइशा (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात असत, आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. पाण्याचे दोन हंडे मुलानेही भरावेत, बहिणीच्या गणवेशाला रात्री इस्त्री करून ठेवावी. सकाळी त्यालाही तीच गाडी पकडायची असते, आणि तो भांग पाडून, मिशीला पीळ देऊन वेळेवर स्टँडवर उभा असतो.