कोरा फोटो

राजुऱ्याहून बोन स्कॅनसाठी नागपूरला निघालेल्या माणसाची गाडी वरोऱ्याच्या आसपास असते, तेव्हा तिकडे दवाखान्यात तंत्रज्ञ गॅमा कॅमेऱ्यानं एक फोटो काढत असतो. त्यात ना हाड, ना माणूस. कॅमेऱ्यासमोर कोबाल्ट-५७ सगळीकडे सारखा पसरलेला एक चपटा पत्रा ठेवायचा आणि काही दशलक्ष किरण मोजायचे. फोटो जितका कोरा, तितका कॅमेरा भरवशाचा!

हा कॅमेरा स्वतः किरण सोडतच नाही. किरण येतात रुग्णाच्या अंगातून, टोचलेल्या टेक्नेशियम-९९एममधून, जे दर सहा तासांनी निम्मं होतं. वाटेत असते शिशाची जाळी, मधाच्या पोळ्यासारखी. सरळ आला तोच किरण आत. दहा हजारांतला जेमतेम एखाद-दुसरा. तो जेमतेम सेंटिमीटरभर जाडीच्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर आदळला की ठिणगीएवढा प्रकाश चमकतो. स्फटिकामागच्या, उजेड टिपणाऱ्या नळ्यांपैकी कुणाला किती उजेड मिळाला, यावरून ठिणगीची जागा काढायची, ही युक्ती बर्कलीच्या हॅल अँगर यांची, १९५०च्या दशकातली.

आता या नळ्यांतली एक मेली तर? कोऱ्या फोटोत तिथं गोल डाग उमटतो. थायरॉइडच्या स्कॅनमध्ये असा 'थंड' डाग म्हणजे डॉक्टर सावध होणार, गाठीत सुई घालून तपासायचं म्हणणार. रुग्ण ठणठणीत, आजारी कॅमेरा! स्फटिकही भारी नाजूक. दमट हवेनं पिवळा पडतो, तापमान झपकन बदललं तर तडकतो. आपल्याकडच्या ४६-४७ अंशांच्या उन्हाळ्यात त्या खोलीचा एसी रात्रीही बंद करत नाहीत, तो माणसांसाठी नव्हेच.

मला थक्क करते ती वेगळीच गोष्ट. कॅमेरा अगदी निर्दोष असला तरी कोरा फोटो पूर्ण कोरा येतच नाही, कारण कुठला अणू कधी फुटेल याला नियम नाही. एका ठिपक्यात १०० किरण मोजले तर १० इकडे-तिकडे होणारच, म्हणजे १० टक्के. १०,००० मोजले तर साधारण १००, म्हणजे फक्त १ टक्का. थोडक्यात आटोपलं, तर फोटोतली खरखर अणूच्या लहरीची की यंत्राच्या खोडीची, हे सांगताच येत नाही. म्हणून घाई नको, मोजत राहायचं.

तीक्ष्णपणा वेगळा तपासतात. शिशाच्या बारीक होत जाणाऱ्या पट्ट्या ठेवून शेवटची कुठली सुटी दिसते ते पाहायचं. जाळीपासून दहा सेंटिमीटरवर सात-आठ मिलिमीटरच्या आतले दोन ठिपके बहुधा एकच दिसतात, आणि अंतर वाढलं की आणखी पुसट. म्हणूनच तंत्रज्ञ कॅमेरा छातीला टेकेल इतका खाली आणतात आणि दचकलेल्या रुग्णाला सांगतात, "काका, हलू नका, लागणार नाही."