घात ‘द’ करतो, स्पेलिंग नव्हे

इंग्रजीत स्पेलिंग चुकलं की लिहिणाऱ्याची मातृभाषा इंग्रजी नाही हे उघडं पडतं, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. प्रत्यक्षात ‘कुड हॅव’च्या जागी ‘कुड ऑफ’ लिहिणारा बहुधा लंडनचा नाहीतर ओहायोचा निघतो. त्याने इंग्रजी आधी कानाने घेतलं, अक्षरं नंतर गिरवली. भरभर बोलताना दोन्ही सारखंच ऐकू येतं आणि तसंच कागदावर उतरतं. ‘इट्स’मधल्या अपोस्ट्रॉफीवरही तोच घसरतो. ज्याने व्याकरण घोकून इंग्रजी मिळवलं, त्याच्या हातून या चुका त्यामानाने कमी होतात.

तो पकडला जातो भलतीकडेच. ‘द’ हा इंग्रजीत सर्वाधिक वापरला जाणारा शब्द. पण मराठी, रशियन, जपानी या भाषांमध्ये त्याच्या तोडीचं काही नाही. त्यामुळे तो कुठे लावायचा आणि कुठे गाळायचा, हे नियम पाठ असूनही वर्षानुवर्षं चकवतं. बंगालीत सर्वनामाला लिंग नाही, म्हणून चांगलं इंग्रजी येणारा बंगाली माणूसही बोलता बोलता बाईला ‘शी’ऐवजी ‘ही’ म्हणून जातो.

मराठी माणसाचं नेहमीचं वाक्य घ्या: ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स.’ आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो तसंच ‘दोन वर्षांपासून’ म्हणतो. सुरुवात सांगा नाहीतर मुदत, ‘पासून’ एकच. इंग्रजी मात्र सुरुवातीला ‘सिन्स’ लावतं, मुदतीला ‘फॉर’. शिवाय ‘काम करतोय’ हा आपला साधा चालू वर्तमानकाळ तिथे चालत नाही, ‘हॅव बीन’ लागतं. एवढ्याशा वाक्यात मराठीचे दोन ठसे! ‘अँग्री ऑन मी’चंही तेच. आपण कुणा‘वर’ रागावतो, मग ‘ऑन’ येणारच.

म्हणून अशा वाक्यावरून लिहिणारा मराठीच, असं छातीठोकपणे सांगता येतं का? नाही. हिंदी माणूसही हेच लिहितो. 2013 साली संगणकतज्ज्ञांची एक स्पर्धा झाली. परभाषकांचं इंग्रजी तपासणाऱ्या टोफेल परीक्षेतले निबंध वाचून लिहिणाऱ्याची मातृभाषा 11 भाषांमधून ओळखायची होती. सर्वांत सरस प्रणालीचं उत्तर सुमारे 84 टक्के वेळा बरोबर आलं. गोंधळ उडाला तो विशेषतः हिंदी आणि तेलुगूत. ही दोन वेगळी भाषाकुळं, पण भारतीय शाळेतलं इंग्रजी दोघांच्याही अंगवळणी पडलेलं.

स्पेलिंग अगदीच मुकं असतं असंही नाही. 1932 साली न्यू जर्सीत विमानवीर चार्ल्स लिंडबर्गचं लहानगं मूल पळवलं गेलं. खंडणीच्या चिठ्ठीत ‘गुड’ऐवजी ‘गुट’ होतं, ‘एनीथिंग’चं ‘एनीडिंग’ झालं होतं. डॉलरची खूण आकड्यानंतर होती आणि हजाराच्या जागी स्वल्पविरामाऐवजी टिंब. जर्मन वळण लगेच नजरेत भरलं. 1934 साली पकडला गेलेला ब्रूनो हाऊप्टमन जर्मनीत जन्मलेलाच होता. पण न्यूयॉर्कच्या परिसरात जर्मन लोक लाखांनी राहत होते. खटल्यात वजन पडलं ते त्याच्या गॅरेजमध्ये सापडलेल्या खंडणीच्या नोटांचं, हस्ताक्षराचं आणि मूल पळवताना वापरलेल्या शिडीच्या लाकडाचं. (आपलंही एक टिंब-स्वल्पविराम प्रकरण आहेच: 1,00,000 असं लिहिलं की पुढे शब्दही न लिहिता भारतीय उपखंड दिसतो.)

आता ‘डू द नीडफुल’. ही भारतीय चूक म्हणून परदेशात हसण्यावारी नेली जाते. वास्तविक हा ब्रिटिश कचेऱ्यांतला जुना शिरस्ता. साहेबाने तो सोडला, आपल्या सरकारी पत्रांनी जपला. ‘प्रीपोन’ मात्र आपल्याकडे रुळलेला शब्द आणि ‘पोस्टपोन’चा जोडीदार म्हणून फार सोयीचा. अशा शब्दांवरून लिहिणारा कुठला ते कळतं. त्याला इंग्रजी येत नाही, हे मुळीच सिद्ध होत नाही.

शेवटचा गैरसमज अलीकडचा आहे: चुका काढून टाकल्या की कुणी संशय घेणार नाही. 2023 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी परभाषकांनी टोफेलसाठी लिहिलेले 91 निबंध, यंत्रलिखित मजकूर हुडकणाऱ्या सात प्रणालींना दिले. माणसांनी लिहिलेल्या या निबंधांवर सरासरी 61 टक्के वेळा ‘यंत्राने लिहिलं’ असा शिक्का बसला. अमेरिकी आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले. परभाषकाचा शब्दसाठा बेताचा, पुढचा शब्द सहज ओळखता येण्याजोगा, म्हणून संशय. मग त्याच निबंधांची शब्दकळा संशोधकांनी चॅटजीपीटीकडूनच इंग्रजांसारखी नटवून घेतली आणि तो शिक्का 12 टक्क्यांच्या आसपास उतरला.