सापाच्या पेटीतली ऊब

सिल्वासात धामण किंवा नाग घरात ठेवणे हा 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आणि ते योग्यच आहे. पाळला जातो तो आफ्रिकेतला बॉल पायथन, त्याचीही सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद लागते.

सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. खाल्लेला उंदीर पचायलाही त्याला बाहेरची उष्णता हवी. गारठ्यात भक्ष्य पोटात कुजते आणि साप ते उलटून टाकतो. म्हणून पेटीची एक बाजू 31-32 अंश, दुसरी 26च्या आसपास ठेवावी, दोन्हीकडे लपायला जागा. कुठे जायचे ते तो ठरवतो. हीटिंग पॅड थर्मोस्टॅटशिवाय कधीच लावू नये. पोटाखालचा चटका सापाला लवकर उमगत नाही, खवले भाजल्यावरच आपल्या लक्षात येते.

दिवा सुमारे बारा तास पुरे. रात्री अंधार हवा, लाल बल्बही नको.

आपल्याकडे खरी काळजी मात्र उन्हाळ्याची. मे महिन्यात बंद खोली इतकी तापते की हीटर बंद ठेवूनही पेटीला थंड कोपरा उरत नाही. तेव्हा पेटी खिडकीच्या उन्हापासून दूर, फरशीवर ठेवावी.