सैन्यातले अग्निशमन प्रशिक्षण: आरक्षण मिळाले, मान्यता कधी?

१४ एप्रिल म्हणजे आपल्यासाठी बाबासाहेबांची जयंती. याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा दिनही पाळला जातो, हे अनेकांना ठाऊक नसते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकेही होती. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण त्या स्फोटांत मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस आणि पुढचा आठवडा पाळतात.

या निमित्ताने आम्ही एक प्रश्न मांडत आहोत. सुभेदार रामजी सकपाळांच्या पिढीपासून, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिल्यानंतर तर अधिकच, आपल्या समाजातली अनेक घरे सैन्याशी जोडलेली आहेत. बीड जिल्ह्यातही गावोगावी माजी सैनिक आहेत. त्यांतल्या काहींनी नोकरीच्या काळात आग विझवण्याचे रीतसर शिक्षण घेतलेले असते. निवृत्तीनंतर ते नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या अग्निशमन भरतीकडे वळतात, तेव्हा ते शिक्षण जमेस धरले जाईल याची खात्री नसते. असे का होते आणि त्यावर काय करता येईल, ते समजून घेऊ.

सैन्यात नेमके काय शिकवतात?

आधी एक गैरसमज दूर करू. प्रत्येक सैनिक हा अग्निशामक नसतो. युनिटमध्ये आगीची कवायत सर्वांना करावी लागते, पण तेवढ्याने कोणी या कामात तरबेज होत नाही. सखोल प्रशिक्षण ठरावीक ठिकाणी मिळते.

नौदलाचे उदाहरण घ्या. भर समुद्रात जहाजाला आग लागली तर बंब बोलावता येत नाही, खलाशांनाच ती विझवावी लागते. म्हणून लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या तळावर आग विझवणे आणि जहाजाचे नुकसान आटोक्यात ठेवणे शिकवणारी स्वतंत्र शाळा आहे. हवाई दलात आणि नौदलाच्या विमानतळांवर विमान कोसळल्यास धावपट्टीवर धावणारी पथके असतात. भूदलाच्या दारूगोळा भांडारांत अग्निशमन कर्मचारी असतात. ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. तिच्यात दोन अधिकाऱ्यांसह पंधराहून अधिक जणांचा जीव गेला, आणि मृतांमध्ये अग्निशमन कर्मचारीही होते. हे काम किती जोखमीचे आहे, ते यावरून कळते.

आरक्षण आणि मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी

महाराष्ट्रात गट क आणि गट ड च्या सरळसेवा भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर म्हणजे ते प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत मोजले जाते. अनुसूचित जातीच्या जागांमध्येही माजी सैनिकांच्या जागा असतात. वयातही सवलत मिळते.

पण आरक्षण जागेचे असते, पात्रतेचे नसते. अनेक महापालिकांच्या आणि एमआयडीसीच्या फायरमन भरतीच्या जाहिरातींत दहावी उत्तीर्ण असण्याबरोबर राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम मागितलेला असतो. हे केंद्र मुंबईत कालिना येथे असून महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या अखत्यारीत येते. ज्याच्याकडे हे प्रमाणपत्र नाही, त्याचा अर्ज छाननीतच बाद होऊ शकतो. पात्र माजी सैनिक मिळाला नाही, तर ती जागा त्याच प्रवर्गातील इतर उमेदवाराला जाते. मुंबई महापालिकेसारख्या मोठ्या संस्था निवडीनंतर स्वतः प्रशिक्षण देतात, पण लहान शहरांना तयार माणूस हवा असतो.

मग माजी सैनिकाने हा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम करून टाकावा, असे कोणी म्हणेल. इथे वय आडवे येते. या पाठ्यक्रमाच्या प्रवेशाची सर्वसाधारण वयोमर्यादा १८ ते २३ वर्षे आहे आणि मागासवर्गीयांना पाच वर्षांची सवलत मिळते. पंधरा-सतरा वर्षे सेवा करून निवृत्त होणारा सैनिक पस्तिशीच्या आसपास असतो. भरतीत त्याचे वय चालते, पण भरतीसाठी जे प्रमाणपत्र लागते तिथे वयाची अडचण उभी राहते. एक दार उघडे ठेवून त्याच्या आधीचे दार बंद करण्यासारखेच हे झाले.

अग्निवीरांमुळे प्रश्न तातडीचा झाला

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. तेव्हा वयोमर्यादा साडेसतरा ते २१ वर्षे ठरली. मुले चार वर्षांसाठी भरती होतात आणि त्यांतल्या कमाल २५ टक्के जणांनाच पुढे कायम केले जाते. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस ते २०२७ च्या सुरुवातीला पूर्ण होतात. म्हणजे विशीतले तरुण कौशल्य प्रमाणपत्र घेऊन गावी परततील. ते प्रमाणपत्र नागरी नोकरीत कशाच्या बरोबरीचे धरायचे, हे आधीच ठरलेले हवे.

मान्यता देणे अशक्य नाही

असे काही आपल्या देशात पूर्वी झालेच नाही, असे मुळीच नाही. केंद्राच्या नियमांनुसार दहावी उत्तीर्ण आणि १५ वर्षे सेवा झालेला माजी सैनिक गट क च्या पदवी लागणाऱ्या पदांसाठी पात्र धरला जातो. अग्निवीरांसाठी इग्नूची तीन वर्षांची पदवी जाहीर झाली, तिच्यात निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणाचे आहेत. जून २०२२ मध्येच नौदलातून व्यापारी जहाजांवर जाणाऱ्यांसाठी शिपिंग खात्याने मार्ग आखून दिला. समुद्रावरच्या नोकरीसाठी जे जमते, ते जमिनीवरच्या बंबासाठी का जमू नये?

अमेरिकेत संरक्षण खात्याची स्वतःची अग्निशामक प्रमाणपत्र योजना आहे. तिथले सैनिक टेक्सासमधील गुडफेलो हवाई तळाच्या अकादमीत शिकतात. त्यांची परीक्षा नागरी अग्निशामकांच्याच राष्ट्रीय मानकांवर होते आणि प्रमाणपत्राला स्वतंत्र संस्थांची मान्यता असते. त्यामुळे अनेक राज्यांत ते चालते. यातला धडा साधा आहे. मानक एकच असेल, तर शिक्षण कोणत्या गणवेशात झाले याला महत्त्व राहत नाही.

सरसकट सूट नको, चाचणी हवी

आमची मागणी सरसकट सूट देण्याची नाही. जहाजावरची आग विझवणाऱ्याला दाट वस्तीतली गॅस सिलिंडरची आग, अडकलेली लिफ्ट, विहिरीत पडलेले माणूस यांचा सराव असेलच असे नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आणि राष्ट्रीय इमारत संहिता हे विषयही त्याला नवे असतात. लोकांचा जीव ज्याच्या हाती द्यायचा, त्याची परीक्षा झालीच पाहिजे.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, सैन्यातला कोणता कोर्स राज्याच्या पाठ्यक्रमातील कोणत्या भागाच्या बरोबरीचा आहे, याची यादी संचालनालयाने प्रसिद्ध करावी. दुसरी, उरलेल्या भागासाठी काही आठवड्यांचा पूरक वर्ग आणि शेवटी लेखी व प्रात्यक्षिक चाचणी ठेवावी. त्यासाठी माजी सैनिकांना वयाची अट नसावी. तिसरी, हे प्रमाणपत्र भरतीच्या नियमांत सहा महिन्यांच्या पाठ्यक्रमाइतकेच ग्राह्य धरावे. नागपूरला १९५७ पासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. अशी यादी करण्यासाठी लागणारे जाणकार राज्यातच उपलब्ध आहेत.

बीडला याचा उपयोग काय?

आपला जिल्हा अकरा तालुक्यांचा आहे. कापसाची जिनिंग, साखर कारखाने, परळीचे औष्णिक वीज केंद्र, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, सगळीकडे आगीचा धोका आहे. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके दगावली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शेजारच्या तत्कालीन अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील आगीने किमान ११ रुग्णांचा बळी घेतला. सरकारी दवाखान्यात कोण जाते? आपलीच माणसे. तेव्हा प्रशिक्षित अग्निशामक असणे ही फक्त नोकरी मागणाऱ्याची गरज नाही, ती वस्तीची गरज आहे. २००६ च्या कायद्यानुसार इमारतीच्या मालकाला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यावे लागते. या कामालाही जाणकार माणसे लागतात.

घरच्यांनी आत्ताच काय करावे?

तुमच्या घरातले कोणी सेवेत असेल, तर बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक कोर्सचे नाव, कालावधी आणि श्रेणी सेवापुस्तिकेत नोंदवून घ्यायला सांगा आणि वेगळे प्रमाणपत्रही मागा. नुसते ‘फायर ड्युटी केली’ असे तोंडी सांगून कोणी मानत नाही. निवृत्तीच्या आधी पुनर्वसन महासंचालनालयाच्या कोर्सेसची चौकशी करा. गावी आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा. भरतीची जाहिरात आली की ‘समकक्ष’ हा शब्द शोधा. तो असेल, तर आपली कागदपत्रे जोडून लेखी अर्ज करा. नकार मिळाला, तर तोही लेखी घ्या. असे लेखी नकार गोळा झाले, तरच नियम बदलण्याची मागणी पुराव्यानिशी करता येईल.