अपयश प्रमुखाचे, यश सहकाऱ्यांचे

१० ऑगस्ट १९७९. श्रीहरिकोटा येथून 'एसएलव्ही-३' या पहिल्या भारतीय उपग्रह प्रक्षेपकाने आकाशात झेप घेतली. पहिला टप्पा सुरळीत पार पडला. दुसऱ्या टप्प्याची नियंत्रण यंत्रणा मात्र निकामी झाली आणि काही मिनिटांतच अनेक वर्षांची मेहनत बंगालच्या उपसागरात बुडाली. प्रकल्पाचे संचालक होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. पत्रकारांसमोर मात्र गेले 'इस्रो'चे तत्कालीन अध्यक्ष प्रा. सतीश धवन. अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतली आणि सहकाऱ्यांवर पूर्ण विश्वास असल्याचे सांगितले. १८ जुलै १९८० रोजी त्याच प्रक्षेपकाने 'रोहिणी' उपग्रह यशस्वीपणे कक्षेत सोडला, तेव्हा धवन यांनी पत्रकार परिषद घेण्यास कलामांना सांगितले. हा प्रसंग पुढे कलामांनीच अनेक व्याख्यानांतून सांगितला.

हा किस्सा सहसा मनाच्या मोठेपणाचा म्हणून सांगितला जातो. कार्यालयात चार-पाच जणांचे काम पाहणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्यासाठी मात्र त्यात व्यवहाराचाही धडा आहे. जबाबदारी आणि उत्तरदायित्व या दोन गोष्टी एक नव्हेत. काम वाटून देता येते. त्या कामाबद्दल उत्तर देण्याचे कर्तव्य वाटून देता येत नाही. अहवाल कनिष्ठाने तयार केला असला, तरी तो न तपासता पुढे पाठविणारा वरिष्ठ त्यातील चुकीपासून अलिप्त राहू शकत नाही.

खरे बोलण्याची मुभा

'एसएलव्ही-३'च्या पहिल्या उड्डाणापूर्वी संगणकाने उलटगणती थांबवली होती. तज्ज्ञांनी हिरवा कंदील दाखविला आणि संगणकाचा इशारा बाजूला ठेवून उड्डाणाचा निर्णय कलामांनी घेतला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील नायट्रिक आम्लाची गळती अपयशाला कारणीभूत ठरल्याचे नंतरच्या तपासणीत निष्पन्न झाले. आपल्या या निर्णयाची कबुली कलामांनी पुढे जाहीरपणे दिली. प्रमुख खापर फोडण्यासाठी डोके शोधत नाही, हे ठाऊक असले की हाताखालचा माणूसही चूक लपवीत नाही.

याउलट, बैठकीत 'हे कोणी केले?' असा पहिला प्रश्न येतो, तेथे ई-मेलच्या प्रती जपून ठेवण्याचे काम मूळ कामापेक्षा महत्त्वाचे ठरते. वाईट बातमी वरिष्ठांपर्यंत पोहोचते, ती सर्वांत शेवटी; तोवर मुदत उलटून गेलेली असते आणि ग्राहकही दुरावलेला असतो.

सवय कशी लावावी?

उत्तरदायित्व हा स्वभाव कमी आणि सवय अधिक. सुरुवात साध्या गोष्टींपासून करता येते. निर्णय कोणी, केव्हा आणि कोणत्या माहितीवर घेतला, याची दोन ओळींची नोंद ठेवावी; त्यात आपले नाव आधी लिहावे. काम बिघडल्यावर 'माझ्याकडून काय राहिले?' हा प्रश्न प्रथम स्वतःला विचारावा आणि त्याचे उत्तर सहकाऱ्यांसमोर द्यावे. कनिष्ठाची चूक दाखवायची असेल, तर ती चार भिंतींआड दाखवावी. कौतुक मात्र सर्वांसमक्ष करावे. वाईट बातमी वेळेवर आणणाऱ्याचे आभार मानावेत.

येथे एक गफलत टाळायला हवी. जबाबदारी घेणे म्हणजे चुकांवर पांघरूण घालणे नव्हे. वारंवार हयगय करणाऱ्याला जाब विचारणे हाही प्रमुखाच्या उत्तरदायित्वाचाच भाग आहे. त्याचप्रमाणे 'जबाबदारी माझी' एवढे म्हणून विषय संपविणे हीदेखील पळवाटच. चूक कशामुळे झाली, ती पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलणार आणि केव्हापर्यंत, या तीन प्रश्नांची उत्तरे सोबत नसतील, तर ती कबुली पोकळ ठरते.

धवन यांच्या शब्दांना वजन आले, ते पुढील अकरा महिन्यांच्या कामामुळे. दोष शोधला गेला, दुरुस्त झाला आणि मोहीम त्याच सहकाऱ्यांच्या हाती राहिली. पहिल्या अपयशानंतर एखाद्याचा बळी देऊन प्रश्न मिटवला असता, तर चुकीतून आलेले शहाणपणही त्याच्याबरोबर दाराबाहेर गेले असते.