राजमठाच्या गावात विद्यापीठ

मेळघाटातल्या धारणीहून हरिसाल, सेमाडोह करत घाट उतरला की परतवाडा लागतं. तिथून पुढे चांदूर बाजारच्या अंगानं रिद्धपूर गाठायचं. मोर्शी तालुक्यातलं हे गाव म्हणजे महानुभाव पंथीयांची काशी. इथं नमस्काराऐवजी ‘दंडवत प्रणाम’ ऐकू येतो आणि भक्त मूर्तीपुढे नव्हे, तर ओट्यापुढे वाकतात. पंथाचे गोविंदप्रभू जिथं बसले, जेवले, निजले, ती प्रत्येक जागा ओटा बांधून राखलेली. अशा स्थानांची नोंद असलेल्या ‘स्थानपोथी’ ग्रंथात या जागांच्या दिशासुद्धा लिहून ठेवल्या आहेत.

हे गोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राऊळ, तेराव्या शतकात इथल्या राजमठात राहत. वागणं पाहणाऱ्याला वेडगळ वाटावं असं. कुणाच्याही घरात शिरायचं, हाताला लागेल ते खायचं, पोरांत खेळायचं. मातंगांनी पाण्यासाठी विनवलं तेव्हा त्यांनी विहिरीची जागा दाखवली, अशीही एक लीळा, म्हणजे आठवण, आहे.

पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेले, त्या ‘उत्तरापंथे गमना’नंतर नागदेवाचार्य आणि शिष्यमंडळी इथंच जमली. मग या मठाच्या गावाची शाळा झाली. त्यांच्यातल्या म्हाइंभटांनी स्वामींविषयी ज्यानं त्यानं पाहिलेलं, ऐकलेलं विचारून गोळा केलं आणि इथल्या वाजेश्वरीत बसून 1278 च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. आजच्या संशोधकालाही शिकण्यासारखी ही चिकाटी. गोविंदप्रभूंनी लग्नाचा हट्ट धरला, तर शिष्या महदंबेनं धवळे, म्हणजे लग्नगीतं, रचली. आद्य मराठी कवयित्री ती हीच.

पुढे हे ग्रंथधन सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत कुलूपबंद झालं. विसाव्या शतकात वि. का. राजवाड्यांसारख्या अभ्यासकांनी ते उघडलं. वि. भि. कोलत्यांनी संपादलेलं ‘लीळाचरित्र’ राज्य शासनानं 1978 मध्ये छापलं.

मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपूरला होणार, ही घोषणा 2023 च्या अर्थसंकल्पात झाली. पुढच्या वर्षी डॉ. अविनाश आवलगावकर पहिले कुलगुरू झाले. पुण्यामुंबईला न जाता विद्यापीठ इथं आलं, हे बरंच झालं. पण मेळघाटातल्या माणसाचा एक सवाल आहे. आमच्या पोरांची घरची बोली कोरकू, शाळेतली मराठी. कोरकू तर मुंडा कुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. पहिलीच्या वर्गात ही दरी कशी ओलांडायची, यावर या विद्यापीठानं काम घ्यावं. म्हाइंभटांनी लोकांच्या तोंडची भाषा कागदावर उतरवली होती. कोरकूसाठी तेच करायचं, तर रिद्धपूरच्या अभ्यासकांना घाट चढून यावं लागेल.