पोळ्यांच्या डब्यातली बॅटरी

आमच्या घरात पोळ्यांचे दोन हॉटकेस आहेत. एकात पोळ्या असतात. दुसऱ्यावर बायकोने मार्करने ठळक फुली मारली आहे, कारण डिसेंबर ते फेब्रुवारी त्यात माझ्या विमानाच्या बॅटऱ्या असतात. तळाला कोमट पाण्याची घट्ट बुचाची बाटली, तिच्यावर दुहेरी पंचा आणि पंचावर काडेपेटीएवढ्या चार बॅटऱ्या. पहाटे साडेपाचला हा डबा घेऊन मी डोंबिवलीतून स्कूटरवर निघतो, तेव्हा सोसायटीचा वॉचमन दर वेळी विचारतो, "काका, डबा कुणाला?"

माझी सगळी नोकरी कल्याणच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये गेली. लाखो किलोंची गाडी ओढणाऱ्या मोटरी उघडायच्या, कार्बन ब्रश बदलायचे, कम्युटेटर घासायचा, हे काम. निवृत्तीनंतर चाळीस ग्रॅमची मोटर हातात आली आणि तिने मला पुन्हा शिकाऊ करून टाकलं. माझं विमान फोमशीटचं, पंखांची लांबी ऐंशी सेंटिमीटर, बॅटरीसकट वजन दोनशे चाळीस ग्रॅम. हे वजन मुद्दाम जपलंय. २०२१च्या ड्रोन नियमांत अडीचशे ग्रॅमपर्यंतचं उडतं यंत्र 'नॅनो' गटात मोडतं आणि ते उडवायला रिमोट पायलटचा परवाना लागत नाही. तरी सरकारच्या ड्रोन-नकाशावर आपली जागा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे बघावंच लागतं आणि प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला पोलिसांचे मनाई आदेश निघाले, तर विमान मुकाट्याने कपाटावर ठेवायचं.

उडवतो कुठे? मलंगगडाच्या रस्त्याला, भात कापून झालेल्या खाचरांत, मालकाला विचारून. जवळच नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी केली होती. त्या जमिनीचा तंटा अजून धुमसतो. जून २०१७मध्ये तिथे मोठं आंदोलन पेटलं होतं. जागा नौदलाकडे आहे, त्यामुळे खेळण्यातलं विमानही तिकडे वळवायचं नाही. खऱ्या धावपट्टीच्या शेजारी राहून आम्ही उतरतो ते धसकटांवर.

तर, थंडी. आमच्याकडची थंडी म्हणजे काय, हे कॅल्गरीच्या भाच्याला सांगताना मला लाज वाटते. तो उणे दहाला बर्फावर उडवतो, चाकांच्या जागी पट्ट्या लावतो, रिमोटसकट दोन्ही हात एका गुबगुबीत पिशवीत घालतो. आम्ही तेरा-चौदा अंशांना माकडटोपी चढवतो. मुंबईत सांताक्रूझला आजवरचं नीचांकी तापमान ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२चं. ठाण्याला खाडी सांभाळून घेते. कल्याणच्या पुढे समुद्र लांब पडतो आणि पहाटेचा पारा दोन-तीन अंश जास्तच उतरतो. भाचा हसतो. पण माझं पहिलं विमान या तेरा अंशांनीच पाडलं.

झालं असं. बॅटरी रात्री भरलेली, दोन सेलची, ८.४ व्होल्ट दाखवणारी. रात्रभर ती स्कूटरच्या डिकीत राहिली. सकाळी विमान हाताने फेकलं, थ्रॉटल पूर्ण दिला, आणि माणसाच्या उंचीवर मोटर गप्प. विमान बांधावर नाक आपटून पडलं. उचलून व्होल्टेज बघितलं, तर पुन्हा आठच्या वर! बॅटरी भरलेली, मोटर ठीक, आणि विमान जमिनीवर.

शेडमधल्या माणसाला हे ओळखू यायला हवं होतं. मुंबईची लाइन १५०० व्होल्ट डीसी होती तेव्हा एकाच सेक्शनमध्ये दोन गाड्या एकदम उठल्या, की तारेतलं व्होल्टेज बसायचं. गाड्या स्थिरावल्या, की पुन्हा वर. वीज संपलेली नसायची, वाटेत अडलेली असायची. थंड बॅटरीचं तेच होतं. आत लिथियमचे कण एका बाजूकडून दुसरीकडे जातात, तेव्हा बाहेर वीज मिळते. गारठ्यात त्यांची चाल मंदावते, आतला रोध वाढतो. डोंबिवली स्टेशनचा पूल आठवा: माणसं तेवढीच, पण अर्धा पूल दुरुस्तीला बंद. हळूहळू सोडलीत तर सगळी पार होतील. एकदम सोडलीत तर कोंडी. मी पूर्ण थ्रॉटल देऊन सगळ्यांना एकदम सोडलं होतं. व्होल्टेज सव्वासहावर आलं, स्पीड कंट्रोलरला वाटलं बॅटरी संपली, आणि त्याने बॅटरी वाचवायला मोटर तोडली. त्याचं काम त्याने चोख केलं. बॅटरी जुनी होती, हेही खरं. नवी असती तर कदाचित सावरली असती.

तीच बॅटरी मग स्वेटरच्या आत बगलेत धरून वीस मिनिटं बसलो. पुन्हा लावली, तर पूर्ण थ्रॉटलला सातच्या वर टिकली आणि सहा मिनिटं उडाली. हॉटकेसची कल्पना त्या बगलेतून आली. पाणी हाताला कोमट लागेल एवढंच. लाइपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीला चटका सोसत नाही. फुगलेली बॅटरी तर डब्यातच काय, घरातही ठेवायची नाही. आणि गार बॅटरी घरी आणल्या आणल्या चार्जरला लावायची नाही, तिला खोलीची ऊब घेऊ द्यायची. शून्याखाली चार्ज केलं तर फार वाईट: कणांना आत शिरता येत नाही, ते दारालाच लोंबकळतात आणि बाहेरच धातूचा थर धरतात. तसा थर पुढे बॅटरीत शॉर्ट करू शकतो. ही भाच्याची काळजी, माझी नव्हे. पण ८:१२च्या लोकलने गेलेल्या माणसाला दाराचं चित्र लगेच कळतं.

एक गोष्ट मला नोकरीभर सुचली नव्हती. आपल्याकडे ३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली. माणूस घेऊन विजेचं विमान उडालं ते २१ ऑक्टोबर १९७३ला, ऑस्ट्रियात वेल्सला. फ्रेड मिलिट्की या मॉडेलवाल्या माणसाच्या खटपटीने, निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांवर, जेमतेम काही मिनिटं. मधे जवळजवळ अर्धं शतक. कारण साधं आहे: गाडी आपली वीज वाहत नाही, डोक्यावरच्या तारेतून घेते. विमानाला ती पाठीवर घेऊन उडावं लागतं. किलोभर पेट्रोलमध्ये बारा हजार वॉट-तास असतात, किलोभर चांगल्या लाइपोत दीड-दोनशे. असल्या तुटपुंज्या शिदोरीतून थंडी आणखी वाटा मागते, म्हणून तिची एवढी दखल. मंगळावर उडालेलं इंजेन्युइटी हे १.८ किलोचं हेलिकॉप्टर बॅटरीतली बरीचशी वीज उडण्यावर नव्हे, तर रात्रीच्या उणे ऐंशी-नव्वद अंशांत स्वतःला ऊब देण्यावर खर्च करत होतं. तरी ते २०२१ ते २०२४ या काळात बहात्तर वेळा उडालं. बाटली आणि पंचा तिथे नव्हता, एवढंच.

मग उन्हाळ्यात का नाही उडवत? लोक हे विचारतात, आणि खरी गंमत इथेच आहे. थंडी बॅटरीकडून घेते आणि पंखाला देते. मे महिन्यातल्या पस्तीस अंशांपेक्षा तेरा अंशांची हवा जवळजवळ आठ टक्क्यांनी दाट असते. दाट हवेत पंख कमी वेगातही वजन पेलतो. माझं विमान ताशी वीस किलोमीटरच्या आसपास डगमगतं, थंडीत ते किंचित आणखी सावकाश उतरवता येतं. (पंखाही दाट हवा कापतो, तेव्हा मोटर जरा जास्त अँपिअर ओढते, फुकट काही नाही.) शिवाय दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी. मे महिन्यात अंगाला चिकटणारी हवा जड वाटते खरी, पण पाण्याची वाफ नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलकी असल्यामुळे विमानाला ती पातळच लागते.

पण दाटपणापेक्षा मोठं देणं म्हणजे निवांतपणा. दोनशे चाळीस ग्रॅमला ताशी पंधरा किलोमीटरचा वारा म्हणजे पूर. हिवाळ्यात पहाटे जमीन गार पडते, तिच्या लगतची हवा गार होऊन खाली बसते आणि वरची उबदार हवा झाकण घालते. मतलई वारा थकलेला, खारा अजून उठायचा. हे झाकण दिसतंसुद्धा: एमआयडीसीच्या बाजूचा धूर सरळ वर जातो आणि एका उंचीवर छताला टेकल्यासारखा आडवा पसरतो. त्या धुराने माझा घसा धरतो, त्याबद्दल मी इथे चांगलं काही लिहिणार नाही. पण वाऱ्याचा इतका नेमका अंदाज मला कुठल्या ॲपने दिलेला नाही. धूर आडवा असेपर्यंत त्याच्या खालची हवा तळ्यासारखी असते. विमान त्या छतावर नेलंत तर मात्र वरचा वारा अचानक ढकलतो, म्हणून मी झाडांच्या शेंड्यांपर्यंतच.

बाकी उपद्रव किरकोळ. दवाने पंखांची टेप सुटते. गरम गोंद गारठ्यात ठिसूळ होतो, बांधावर आपटलं की सांधा कट्कन तुटतो. कोतवाल पक्षी विमानाच्या मागे लागतो आणि जिंकतो. संक्रांतीच्या आठवड्यात मी उडवतच नाही. नायलॉन मांजावर २०१७पासून देशभर बंदी आहे, पण खाचरातल्या बाभळीवरून तो उतरायला तयार नाही.

हल्ली शेजारच्या इमारतीतली, इंजिनीअरिंगला असलेली एक मुलगी सोबत येते. तिला माझ्या जुन्या ब्रशच्या मोटरींच्या गोष्टी आवडतात, निदान ती तसं दाखवते. तिने मला समजावलं, की आमच्या विमानातला स्पीड कंट्रोलर बॅटरीच्या डीसीपासून तीन फेज बनवून मोटर फिरवतो, म्हणजे नव्या लोकोमध्ये जे होतं तेच. मी तिला थंड बॅटरीवर थ्रॉटल हळूहळू चढवायला शिकवलं. पहिलं अर्धं मिनिट अर्ध्या थ्रॉटलवर फिरवलं, की वीज देता देता बॅटरी स्वतःच तापते.

गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी तीन बॅटऱ्या संपल्या होत्या, चौथी डब्यात कोमट होती. नऊ वाजत आले होते. मलंगगडाच्या उतारावर एक घार पंख न हलवता गोल गोल वर चढायला लागली. म्हणजे जमीन तापली, हवा उठली, झाकण उघडलं. मुलगी म्हणाली, "काका, एकच लावू या ना, भरलेली आहे." मी धुराकडे बघितलं, तो आता वाकून कल्याणकडे निघाला होता. तेवढ्यात घारी तीन झाल्या. मी पंख सोडवले, ती बॅटरी पंचात गुंडाळून परत ठेवली आणि डब्याचं झाकण फिरवलं.